पैसे आले होते, पण खात्यात पडत नव्हते : शिरोलीतल्या एका फाउंड्रीचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, हे प्रकरण आहे. कुणाची ओळख लागू नये म्हणून मालाचा प्रकार, रकमा आणि काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी उद्यमनगरात बसून निर्यातीची कागदपत्रं करून देतो आणि या प्रकरणात फाउंड्रीच्या बाजूने होतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

पार्श्वभूमी

मालकांना सगळे आप्पाच म्हणतात. वडिलांनी क्युपोलावर, म्हणजे कोळशाच्या जुन्या भट्टीवर, सुरू केलेला कारखाना, आता दोन इंडक्शन भट्ट्या. बरंचसं ओतकाम पुण्याच्या कंपन्यांसाठी, आणि वर्षाला तीन-चार कंटेनर कोलंबोला : पंपाच्या बॉडी, भातगिरणीचे सुटे भाग. कोलंबोचं गिऱ्हाईक आठ वर्षांचं. व्यवहाराची रीत ठरलेली. तीस टक्के आगाऊ, उरलेले पैसे बिल ऑफ लेडिंगची (बीएल, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती; मूळ दाखवल्याशिवाय माल सुटत नाही) प्रत मेलवर गेली की, आणि पैसे खात्यात पडले की मूळ बीएल कुरियरने. आठ वर्षांत एकदाही खोळंबा नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात कोलंबोच्या फर्मचे थोरले भागीदार वारले. भागीदारी मोडली आणि धंदा मुलाच्या एकट्याच्या नावावर आला. मुलगा म्हणजे पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ, आप्पांचं बोलणं गेली कित्येक वर्षं त्याच्याशीच. आप्पांनी फोन करून सांत्वन केलं, आणि विषय तिथंच संपला. नव्या फर्मचा एकही कागद कोल्हापुरात आला नाही. "मयताच्या फोनवर कागद मागायचं व्हय?" असं आप्पा नंतर मला म्हणाले. माणूस म्हणून त्यांचं बरोबरच होतं. पण पुढच्या अडचणीचं मूळ त्याच फोनमध्ये आहे.

अडचण

जुलैत कंटेनर न्हावा शेवाहून निघाला. इनव्हॉइस, शिपिंग बिल, बीएल, सगळं जुन्या फर्मच्या नावावर, कारण ऑर्डर आणि आगाऊ रक्कम तिच्याच नावाने आलेली. उरलेले अठरा हजार चारशे डॉलर मात्र मुलाच्या नव्या खात्यातून निघाले. पाठवणाऱ्याच्या जागी आता फर्मच्या नावाऐवजी माणसाचं नाव होतं.

पैसे इकडच्या बँकेत पोचले आणि अडकले.

बँकेचा मेल आला होता : पाठवणाऱ्याची अधिक माहिती द्या. तो गेला दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या पत्त्यावर, कारण बँकेत तोच नोंदवलेला. चार दिवस कुणी पाहिला नाही. पाचव्या दिवशी आप्पा स्वतः शाखेत गेले. मॅनेजर मॅडम म्हणाल्या, रक्कम आलेली आहे, पण मुंबईच्या कार्यालयाने थांबवली आहे. का, ते सांगेनात.

"पैसे आल्यात म्हणता, आणि देत न्हाई म्हणता. मग आल्यात कशाला?" हे आप्पांचं वाक्य मला त्या शाखेतल्या कॅशियरनेच नंतर हसत ऐकवलं. आप्पांना तेव्हा हसू येत नव्हतं. सात तारखेचा पगार डोक्यावर, इंडक्शन भट्टीचं वीजबिल कुणासाठी थांबत नाही, आणि कॅश क्रेडिटची मर्यादा काठोकाठ आलेली.

मॅडम बोलत नव्हत्या, याला उर्मटपणा म्हणता येणार नाही. एखाद्या व्यवहाराबद्दल संशयाचा अहवाल एफआययूकडे, म्हणजे केंद्राच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे जात असेल, तर त्याची कुणकुण ग्राहकाला लागू द्यायला कायद्याने मनाई आहे. असा अहवाल जाणार की नाही हे शाखेला ठाऊक नसेल, तर गप्प राहणं हाच सुरक्षित मार्ग उरतो. माझ्यासमोर त्या एवढंच म्हणाल्या : "नावाचं आहे सर. माणूस कोण आहे ते नीट दाखवा."

तेवढ्यावरून उलगडा झाला. गिऱ्हाइकाचं नाव दहशतवादाशी संबंधित व्यक्तींच्या यादीतल्या एका नावाशी जुळत होतं.

शिरोलीचा आणि त्या यादीचा संबंध काय

आप्पांनी विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि रास्त होता. "अतिरेक्यांच्या यादीत? अवो, तो मला दरसाल चहाचा पुडा पाठवतोय."

१९९९ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १२६७ क्रमांकाचा ठराव केला. त्यातून निर्बंधांची एक यादी तयार झाली, ती पुढे वाढत गेली. अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर सप्टेंबर २००१ मध्ये १३७३ क्रमांकाचा ठराव आला आणि दहशतवादाचा पैसा रोखणं प्रत्येक देशाचं बंधन झालं. आपल्याकडे हे बंधन बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे यूएपीएच्या, कलम ५१-अ मध्ये आहे. ते २००८ च्या दुरुस्तीने आलं. ते कसं राबवायचं हे गृह मंत्रालयाच्या २ फेब्रुवारी २०२१ च्या आदेशात लिहिलेलं आहे. बँकेने याद्या सतत ताज्या ठेवून पडताळायच्या, आणि माणूस तोच आहे असं निश्चित झालं तर २४ तासांत मंत्रालयाला कळवायचं. शाखा ताराराणी चौकात असो की नरिमन पॉइंटला, नियम तोच.

त्यात श्रीलंका. २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टरला तिथे चर्च आणि हॉटेलांत स्फोट झाले, अडीचशेहून अधिक माणसं गेली. भारतीय यंत्रणांनी ४ एप्रिललाच कोलंबोला इशारा दिला होता, तोही नावानिशी. सतरा दिवस हातात असून तिथल्या यंत्रणा हलल्या नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच दुर्लक्षासाठी माजी राष्ट्राध्यक्षांना दहा कोटी श्रीलंकन रुपयांची भरपाई द्यायला लावली. नाव मिळूनही कुणी हललं नाही तर काय होतं, याचा इतका जवळचा दाखला या भागात दुसरा नाही. बँकेतल्या माणसाने एखादं जुळणारं नाव 'असेल कुणीतरी' म्हणून सोडून द्यावं, अशी अपेक्षा मग कोण करणार?

शेजारी देशांतलं सहकार्य कागदावर जुनं आहे. दहशतवाद दडपण्याबाबतचा सार्कचा करार १९८७ चा, पैशाच्या वाटा रोखणारा जोड-करार २००४ चा. पण सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर भरलेलीच नाही. काम दुसरीकडे सरकलं : बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा बिमस्टेक गट, आणि भारत, श्रीलंका, मालदीव यांनी सुरू केलेली कोलंबो सुरक्षा परिषद. ती मधली काही वर्षं थंडावली होती, २०२० मध्ये पुन्हा उभी राहिली आणि नंतर मॉरिशस व बांगलादेशही आत आले. या सगळ्यातून माहिती, म्हणजे शेवटी नावं, एका देशातून दुसऱ्या देशात जातात.

आणि नावाची गंमत आपल्याला कळायला हवी. बिंदू चौकात उभं राहून 'संभाजी पाटील' अशी हाक मारली तर किती जण मागे वळतील? शिवाय यादीतली बरीच नावं मुळात अरबी, रोमन लिपीत आणलेली, एकेकाची चार-पाच रूपं. चौगुले हे आडनाव आपल्याच जिल्ह्यात इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात, एका घरातल्या दोन भावांच्या आधार कार्डावर दोन स्पेलिंगं मी स्वतः पाहिली आहेत. बँकेचं सॉफ्टवेअर हे गृहीत धरूनच चालतं, म्हणून साधारण जुळणाऱ्या नावावरही बोट ठेवतं. आमच्या गिऱ्हाइकाचं नाव त्याच्या समाजात आपल्याकडच्या संभाजीइतकंच सार्वत्रिक होतं.

समोर असलेले मार्ग

आप्पा माझ्याकडे आले तो सहावा दिवस. तोवर सल्ला देणारे पुष्कळ भेटले होते.

पहिला सल्ला चहाच्या टपरीवरचा : "आप्पा, एवढं काय घेऊन बसलायसा? ते पैसे माघारी पाठवा, आन् दुबईतनं मारायला सांगा." गिऱ्हाइकाच्या मेव्हण्याची दुबईत फर्म होती आणि त्याचीही तयारी होती, त्यामुळे आप्पांना हा मार्ग बरा वाटत होता. निर्यातीचे पैसे तिसऱ्याने देणं मुळात बेकायदा नाही. रिझर्व्ह बँक त्याला परवानगी देते, पण तिसरा माणूस का देतोय याचा कागद लागतो, आणि पैसा एफएटीएफचे निकष पाळणाऱ्या देशातून यावा लागतो. एफएटीएफ म्हणजे पैशाच्या गैरवाटांवर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या करड्या यादीत, म्हणजे नियंत्रणात त्रुटी असलेल्या देशांच्या यादीत, संयुक्त अरब अमिरात मार्च २०२२ पासून होती, बाहेर आली फेब्रुवारी २०२४ मध्ये. श्रीलंका मात्र २०१९ मध्येच त्या यादीतून सुटलेली. म्हणजे एका नावावर शंका असताना आम्ही तो पैसा स्वच्छ शेऱ्याच्या देशातून काढून करड्या शेऱ्याच्या देशातून, तिसऱ्याच्या खात्यातून आणणार होतो. निर्दोष माणूस गुन्हेगारासारखा दिसायला याहून सोपी युक्ती सापडायची नाही.

दुसरा सल्ला मुंबईत रोख मिळण्याचा. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तो हवाला आहे, आणि आप्पांनीच तो उडवून लावला.

तिसरा मार्ग वाट पाहण्याचा. मुंबई करेल तेव्हा करेल. पण कंटेनर कोलंबो बंदरात उतरला होता आणि त्याचं भाडं दिवसागणिक चढत होतं.

चौथा : माणूस वेगळा आहे हे आपणच कागदावर दाखवायचं. हा आम्ही घेतला. पण त्याआधी एक निर्णय अडला, आणि माझ्या मते या प्रकरणातला कळीचा निर्णय तोच होता.

आप्पांना मूळ बीएल पाठवून द्यायचं होतं. "आठ वर्सांचा संबंध हाय. पैसे काय बुडत न्हाईत. माल तरी सुटू दे बिचाऱ्याचा." मी नको म्हणालो. आप्पांना वाटलं, मी पैशाच्या सुरक्षिततेसाठी म्हणतोय. कारण वेगळं होतं. कलम ५१-अ केवळ पैसा गोठवत नाही. यादीतल्या माणसाला निधी, मालमत्ता किंवा इतर आर्थिक साधनं मिळू न देणं हाही त्याचाच भाग आहे. कंटेनरभर माल हे साधनच झालं. बँकेने शंका घेतली आहे हे आपल्याला ठाऊक आहे आणि तरी आपण माल सोडला, ही गोष्ट उद्या कुणाला समजावून सांगता आली नसती.

"म्हणजे तुम्हालाबी वाटतंय, तोच असंल?"

मी नाही म्हणालो. मग आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. आठ वर्षांत ते दोनदाच भेटले होते, एकदा कोलंबोत, एकदा मुंबईच्या प्रदर्शनात. बाकी सगळी ओळख फोनवरची. "खरं सांगू का," ते म्हणाले, "त्याचं पुरं नाव मी हे बीएलच्या भानगडीतच पहिल्यांदा वाचलं." बीएल टेबलाच्या खणात राहिलं.

काय केलं

सगळ्यात अवघड काम फोनचं होतं. वडील जाऊन तीन महिने झालेल्या माणसाला कसं विचारायचं की बाबा, तू तो नाहीस ना? मी सुचवलं, एवढंच सांगा की बँकेला पाठवणाऱ्याची ओळख हवी आहे. आप्पांनी सुरुवात तशीच केली, पण त्यांना आडून बोलणं जमत नाही. दोन वाक्यांत त्यांनी सरळ सांगून टाकलं : नावाचा घोळ झालाय.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. रागाचं हसणं नव्हतं ते. २०१९ नंतर त्याच्यावर ही वेळ चौथ्यांदा आली होती. एकदा विमानतळावर, दोनदा दुसऱ्या पुरवठादारांच्या बँकांत, आणि आता आम्ही. त्याच्याकडे कागदांचा संच तयारच होता आणि तासाभरात तो मेलवर आला : पासपोर्ट, राष्ट्रीय ओळखपत्र, नव्या फर्मची नोंदणी, भागीदारी मोडल्याचा दस्त, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, बँकेचं पत्र. आम्ही सहा दिवस चाचपडत होतो ते त्याने आधीच गोळा करून ठेवलेलं.

त्या संचातला सर्वांत कामाचा कागद ओळखपत्र ठरला. श्रीलंकेच्या जुन्या ओळखपत्राचा क्रमांक नऊ अंकी असतो आणि शेवटी एक अक्षर. पहिले दोन अंक जन्मसालाचे, पुढचे तीन अंक त्या वर्षातला कितवा दिवस ते सांगतात, स्त्री असेल तर त्यात पाचशे मिळवलेले असतात. म्हणजे जन्मतारीख क्रमांकातच विणलेली, मागून खाडाखोड करून बदलण्याजोगी नाही. त्याच्या क्रमांकाची सुरुवात ६८ ने होती.

मग संयुक्त राष्ट्रांची यादी उघडली. ती सार्वजनिक आहे, कुणीही पाहू शकतो. प्रत्येक नोंदीत नावाखेरीज जन्मतारीख, जन्मस्थळ, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक, टोपणनावं असे रकाने असतात आणि नोंदीला कायमचा क्रमांक असतो. टोपणनावांचीही प्रतवारी केलेली असते, भरवशाची आणि कमी भरवशाची. आमच्या गिऱ्हाइकाशी जुळणारं नाव दुसऱ्या प्रतीतलं निघालं. नोंदीतला माणूस पंधराएक वर्षांनी लहान, देश वेगळा.

हे सगळं मी एका पानावर दोन रकान्यांत मांडलं. डावीकडे नोंद, उजवीकडे आमचं गिऱ्हाईक, आणि प्रत्येक ओळीपुढे पुराव्याच्या कागदाचा पान क्रमांक. सोबत आठ वर्षांची शिपिंग बिलं, पैसे आल्याची बँकेची प्रमाणपत्रं, आणि फर्मचं नाव का बदललं याचं आप्पांच्या सहीचं पत्र. त्याच दिवशी शिपिंग लाइनला बीएलवरचं माल घेणाऱ्याचं नाव बदलण्याचा अर्ज दिला. हेही महत्त्वाचं होतं, कारण पाठवणारा एक आणि माल घेणारा दुसरा असं चित्र राहिलं असतं तर नावाची शंका मिटूनही दुसरी उभी राहिली असती.

आठव्या दिवशी संच शाखेत दिला. मॅडमनी ते एक पान दोनदा वाचलं. "हे असं मिळालं की मला वर पाठवता येतं," म्हणाल्या. पोच मात्र मी मागून घेतली.

निकाल

एकोणिसाव्या दिवशी पैसे खात्यात पडले. कलम ५१-अ खाली गोठवण्याचा आदेश कधी निघालाच नव्हता, फक्त पडताळणीसाठी थांबवलेलं होतं. आदेश निघाला असता तर बाधित माणसाला बँकेकडे अर्ज करता येतो, बँकेने तो दोन कामकाजाच्या दिवसांत गृह मंत्रालयाच्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा आणि त्यांनी पंधरा कामकाजाच्या दिवसांत तपासून निर्णय द्यायचा, अशी तरतूद आहे. ती वेळ आली नाही.

बंदराचं भाडं दोघांनी निम्मं-निम्मं वाटून घेतलं. पगार तीन दिवस उशिरा झाला. आप्पांच्या कारखान्यात ते पहिल्यांदाच घडलं आणि त्यांना सर्वांत जास्त तेच लागलं.

प्रकरण इथे संपलं असं आम्ही धरलं. ऑक्टोबरमध्ये पुढच्या कंटेनरचे पैसे आले आणि पुन्हा अडकले. तेच नाव, तीच यादी, तोच मेल, फक्त यावेळी योग्य पत्त्यावर. झालं असं की जुलैत 'माणूस वेगळा आहे' हा निष्कर्ष त्या एका व्यवहारापुरता काढला गेला. सॉफ्टवेअरला तो कुणी सांगितलाच नाही. मग आप्पांनी लेखी अर्ज दिला की या पाठवणाऱ्याची ओळख पटल्याची कायम नोंद ठेवावी. तेव्हापासून पैसे दुसऱ्या दिवशी पडतात.

मला यात एक गोष्ट खटकते. नाव सुरक्षा परिषदेतून निघून शिरोलीपर्यंत बिनबोभाट पोचलं. पण 'हा तो नव्हे' ही खात्री एकाच बँकेच्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला अर्ज लागला. दुसऱ्या पुरवठादारांच्या बँकांनी याच माणसाची शहानिशा आधीच केलेली होती, त्याचा आम्हाला काडीचा उपयोग झाला नाही. उद्या आप्पांनी बँक बदलली तर पुन्हा पहिल्यापासून.

आज करायचं झालं तर

सांत्वनाच्या फोननंतर पंधरा दिवसांनी दुसरा फोन करायला हवा होता, निव्वळ कागदांसाठी. गिऱ्हाइकाच्या फर्मचं स्वरूप बदललं की निर्यातीच्या फाइलला लगेच हात लावायचा, हे मी आप्पांना आधी सांगायला हवं होतं. माझं ते कामच आहे. मी इनव्हॉइसवर जुनं नाव पाहिलं आणि पुढे गेलो, कारण आठ वर्षं तेच नाव होतं.

बँकेत नोंदवलेला मेल आणि मोबाइल जुन्या माणसाचा राहिल्याने चार दिवस गेले. आता माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांचं मी एप्रिलमध्ये हे तपासून घेतो. निम्म्यांचं चुकीचं निघालं तरी मला आश्चर्य वाटत नाही.

बीएल अडवून ठेवण्याचा निर्णय मी पुन्हाही तसाच घेईन. फोनवर किती सांगायचं, याबद्दल मात्र माझं मत बदललं आहे. मी सुचवलेल्या आडपडद्यापेक्षा आप्पांचं सरळ सांगणं उपयोगी पडलं. आडून विचारलं असतं तर पासपोर्टची एक प्रत आली असती, तो सगळा संच आला नसता.

कायम नोंदीचा अर्ज पहिल्याच संचासोबत द्यायला हवा होता. ही माझी दुसरी चूक.

गेल्या दिवाळीत कोलंबोहून चहाचा पुडा आला, सोबत चिठ्ठी : मुलगा आता धंद्यात उतरलाय, पुढची ऑर्डर त्याच्या सहीने येईल. आप्पांनी पुडा फोडायच्या आधी मला फोन लावला. "पोराचं नाव काय हाय ते विचारून घेतलंय," म्हणाले. "स्पेलिंगसकट. तुमच्या त्या यादीत बघा, आन् मग मला सांगा, अभिनंदनाचा फोन करू का आधी कागद मागू." मी यादी उघडली. कुठं काही नव्हतं. ओळखपत्राची प्रत तरीही त्याच दिवशी मागवली.